पोर्तुगालची राणी आणि माझा पाय

निवृत्तीनंतर काय करणार, असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी एकच उत्तर दिलं होतं, "झोपणार." न्यू जर्सीतल्या एका औषधांच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरमागे उभी राहिलेली बाई मी, त्यामुळे मला त्यात विनोद दिसत नव्हता. महिनाभर मी खरोखरच झोपले. मग मात्र घर खायला उठलं. नवरा माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेला. त्यानं तोवर परसातल्या टोमॅटोंशी अशी गट्टी जमवली होती, की घरात बायको आहे हे त्याला जेवायच्या वेळीच आठवायचं. लेक तिकडे पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला, आमच्यापेक्षा तीन तास मागे आणि सदा मीटिंगमध्ये.

अशा अवस्थेत मी एका म्युझियमची जाहिरात वाचली. त्यांना हौशी गाइड हवे होते. पगार नाही, वर्षभर दर मंगळवारी वर्ग, शेवटी परीक्षा. पास झालात तर गळ्यात बिल्ला आणि आठवड्यातून एकदा लोकांना दालनं दाखवायची. कलेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण परीक्षा हा शब्द वाचला आणि माझ्या अंगात आलं. परीक्षा मला जमतात. शाळेपासून मला हमखास जमत आलेली ती एकच गोष्ट आहे.

आम्हाला शिकवायला ज्या बाई होत्या त्या सत्तरीच्या, काटकुळ्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. त्या म्युझियममध्ये त्यांची हयात गेली होती. त्या हसल्याचं मला आठवत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना आपापले तळहात बघायला लावले आणि म्हणाल्या, या हातांना घाम आहे, तेल आहे, आणि ते लाकडाला, कापडाला, दगडालासुद्धा खातं. कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. का, कसं, चुकून, असं काही नाही. नाही म्हणजे नाही. मी वहीत लिहिलं, हात नाही, आणि खाली दोन रेघा मारल्या.

शेवटची परीक्षा अशी होती, की एक वस्तू आपण निवडायची आणि तिच्यापुढे उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं. समोर बाई आणि चार पाहुणे. संधी दोन. दोन्ही वेळा नापास झालात तर राम राम. आणि मी शहाणी, मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात चार जणींना आधीच सांगून बसले होते, की आता म्युझियममध्ये या, मी दाखवते.

वस्तू मी केव्हाच हेरून ठेवली होती. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दालनात एक मोठी पेटी होती. गोव्यात घडवलेली, सागवानी, अंगभर काळ्या लाकडाची आणि हस्तिदंताची नक्षी. तिला काच नव्हती, वीतभर उंचीच्या ओट्यावर नुसती ठेवलेली होती. तिच्यापुढे कुणी थांबत नसे. सगळे लगबगीनं शेजारच्या दालनातल्या चित्रांकडे जायचे. मला त्याचा राग यायचा. आपल्या ओळखीचं कुणी समारंभात भिंतीला टेकून एकटंच उभं असावं आणि यजमानानं पाणीसुद्धा विचारू नये, तसं मला तिच्याकडे बघून व्हायचं.

त्या पेटीबद्दल वाचता वाचता मला राणी सापडली. पेटी राणीची नव्हे, ती राणीच्या नंतरच्या काळातली. पण गोव्याहून अशा वस्तू जहाजानं लिस्बनला मागवायची हौस ज्यांनी लावून दिली त्यांत ही राणी पुढे होती. प्रबोधनकाळातली पोर्तुगालची राणी. युरोपातले बाकीचे राजेरजवाडे आपापल्या चित्रकारांच्या मागे लागलेले असताना हिनं जमवलं ते गुजरातेतले शिंपल्यांनी मढवलेले डबे, लंकेतलं हस्तिदंती काम, चिनी मातीची भांडी, स्फटिक, पंखे, पोपट. जमवलं आणि पुष्कळसं वाटूनही टाकलं. भाच्यांना, नणंदांना, दूरदूरच्या दरबारांतल्या नातेवाइकांना तिच्याकडून सतत काही ना काही जायचं.

मला आधी तिचा रागच आला. आमच्या कारागिरांनी मान मोडून शिंपल्याचे तुकडे घासायचे आणि या बाईनं ते कपाटात मांडायचे! मग मी तिच्या लहानपणाचं प्रकरण वाचलं.

ती जन्मली तेव्हा तिचा बाप आधीच गेलेला होता. आईला वेड लागलं असं ठरवून तिच्याच माणसांनी तिला एका गढीत ठेवलं होतं, आणि या तान्ह्या मुलीला आईसोबत. मुलीची खोली आतली. तिथं जायला वाट आईच्या खोलीतूनच. दुसरं मूल नाही, खेळ नाही, अंगावर राजकन्येला शोभतील असे कपडे नाहीत. पुढे कुणाला तरी दया आली आणि तिच्यासाठी भिंतीत एक खिडकी पाडली. त्या खिडकीखाली गावातल्या मुलांनी येऊन खेळावं म्हणून त्यांना पैसे देत. म्हणजे हिला निदान दुसऱ्यांचं खेळणं बघायला मिळे. अशी ती दहा-अकरा वर्षांची झाली.

मी पुस्तक मिटलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. लग्नानंतर मी या देशात आले तेव्हा आम्ही आयसेलिनला राहायचो, एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, मला नोकरी करायची परवानगी नव्हती आणि गाडी येत नव्हती. आपल्या लोकांच्या दुकानांचा ओक ट्री रोड तेव्हाही होता, पण बर्फातून चालत जायला लांब. मी दिवसभर खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. कुठली कुणाची, कोण कधी परततं, मला सगळं पाठ होतं. मी राणी नव्हते आणि मला कुणी कोंडलंही नव्हतं. दार उघडंच होतं, फक्त जायला कुठे नव्हतं. ज्या पोरीनं अकरा वर्षं भिंत बघितली तिनं पुढे जगभरातून बघण्यासारखं सगळं मागवून घेतलं, यात मला आता काही आश्चर्य वाटेना. मला ती आवडली. फार आवडली.

पण यातलं एक अक्षर मी भाषणात घातलं नाही. तिथं मी माझ्या शाळेला जागले. तीन पुस्तकांतून टिपणं काढली, सागरी व्यापार, साम्राज्याची प्रतिष्ठा, नक्षीकामाच्या पद्धती, असे परिच्छेद पाडले आणि घोकायला बसले. नवरा टोमॅटोंना पाणी घालताना मी त्याच्यामागून बोलत हिंडायचे. लेक व्हिडिओवर माझे उच्चार सुधारायची. "आई, स्लो डाउन. तू ट्रेन पकडायला चाललीयेस का?" ती म्हणायची. दोन आठवड्यांत मला सगळं असं पाठ झालं, की झोपेतून कुणी उठवलं तरी पुढचं वाक्य तोंडात तयार.

परीक्षेच्या दिवशी मी निळी इरकली नेसले. चार पाहुण्यांत एक आजीबाई चाकाच्या खुर्चीत होत्या. मी सुरू केलं आणि गाडी सुसाट निघाली. सात-आठ मिनिटं झाली असतील. खुर्चीतल्या आजींना पेटीची डावी बाजू दिसत नव्हती म्हणून मी बोलता बोलता बाजूला सरकले, आणि माझा पाय ओट्यावरून जाऊन खाड्‌कन पेटीच्या पायाला लागला.

पुढे जे झालं ते मी केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. मी वाकले, उजव्या हातानं पेटीला स्पर्श केला आणि तो हात डोळ्यांना लावला. पुस्तकाला पाय लागला, माणसाला लागला, तर लहानपणापासून जे करत आलो तेच. वेळ लागला असेल डोळ्याचं पातं लवण्याइतका. तेवढ्यात ओट्याला बसवलेली धोक्याची घंटा वाजायला लागली आणि पहारेकरी "मॅम! मॅम!" करत धावत आला. तोच पहारेकरी, जो दर मंगळवारी मला गुड मॉर्निंग म्हणायचा.

मी पुढचं वाक्य विसरले. एकदा ते विसरल्यावर त्याच्यापुढचंही आठवेना, कारण घोकलेल्याचं तसंच असतं, एक मणी निसटला की माळ गेली. मी कपाळाचा घाम पुसत उभी राहिले. बाई म्हणाल्या, आज इथंच थांबू या.

त्यांच्या खोलीत आम्ही दोघीच. पेटीला काही झालं नव्हतं, तपासणारा माणूस येऊन बघून गेला होता. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पाय लागला तो अपघात. हात अपघात नव्हता. हात का लावलात?"

मी आधी सॉरी म्हणाले. त्यांना सॉरी नको होतं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि मग माझा तोल गेला. मी म्हणाले, "कारण तिला माझा पाय लागला! कुणीतरी वर्ष-दोन वर्षं खपून ती घडवली. कुणाच्या तरी घरात तिच्यात लग्नातले कपडे ठेवले असतील. तिला पाय लावायचा आणि तसंच पुढे बोलत राहायचं? तुम्हाला माझा पाय लागला असता तरी मी हेच केलं असतं."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, हात लावल्याबद्दल तुम्हाला लेखी ताकीद देते, तो नियम आहे आणि तो तुमच्यासाठी बदलणार नाही. पण नापास मी तुम्हाला त्यासाठी करत नाहीये. "तुम्ही आत्ता जे बोललात तसं एकही वाक्य तुमच्या भाषणात नव्हतं. आठ मिनिटं मला एक पुस्तक ऐकू येत होतं. ते पुस्तक मी वाचलंय."

घरी येताना हायवेवर मी बाईंना मराठीतून मनसोक्त शिव्या घातल्या. पाठांतर केलं म्हणून नापास! आमच्याकडे त्याला बक्षीस देतात. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, इट्स अ व्हॉलंटिअर जॉब यार, चिल ना. दुसरं काहीतरी जॉइन कर." मी फोन आपटला. तिला कसं सांगणार, की मला दुसरं काही नको होतं? मला त्या पेटीपुढे उभं राहून त्या पोरीबद्दल बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला लोकांना काही सांगावंसं वाटत होतं, आणि ते सांगायची आता एकच संधी उरली होती. नवऱ्यानं पिठलं-भात केला. तो स्वयंपाक करतो म्हणजे परिस्थिती गंभीर आहे असं त्याचं मत असतं.

रविवारी सकाळी नाशिकला वहिनीला फोन करायचा हा माझा शिरस्ता. आई गेली, दादा, म्हणजे माझा मोठा भाऊही गेला, तरी तो चालू आहे. वहिनीनं विचारलं, "काय ताई, झाली का परीक्षा?" मी रडकथा सांगितली. ती म्हणाली, "पण ती राणी कोण ते मला सांगा ना." म्हणून मी सांगितली. इंग्रजीतले परिच्छेद मराठीत येईनात, म्हणून आपली नुसती गोष्ट सांगितली. खोली, खिडकी, खालची मुलं. मग पुढचं.

तिचा मोठा भाऊ लांब दुसऱ्या देशात वाढलेला. तो राजा होऊन आला आणि बहिणीचे हाल बघून कळवळला. आई तिला सोडणार नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं गुपचूप तिच्या खोलीची भिंत फोडून घेतली आणि तिला तिथून बाहेर काढलं. चांगले कपडे, मैत्रिणी, सगळं दिलं. इकडे आईनं मुलगी नाही हे बघितलं आणि अन्नपाणी सोडलं. मुलगी परत येईपर्यंत खाणार नाही, म्हणाली. शेवटी त्या पोरीला काही दिवसांत परत त्याच खोलीत आणून सोडावं लागलं. लग्न होऊन पोर्तुगालला जाईपर्यंत ती तिथंच राहिली.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "आपल्या आईंसारखंच की."

मला हसू आलं. "काहीतरीच काय वहिनी! माझी आई तर मी निघाले त्या दिवशी दोनदा भात मागून जेवली."

हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते, पण ते माझ्या मनात सलत होतं. मी जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाले होते, घरात सगळे डोळे पुसत होते, माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि आई माझ्यासमोर बसून वरण-भात कालवत होती. वर म्हणाली, "आज वरण छान झालंय, वाढ गं अजून." मी विमानात ते आठवून आठवून रडले. इतकं कसं हिला काही वाटलं नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि पुढे तीस वर्षं, ती जाईपर्यंत, थोडं थोडं वाटतच राहिलं.

"ताई," वहिनी म्हणाली, "ते तुमच्यापुढे. तुम्ही एकदा रिक्षात बसलात आणि आई मागच्या मोरीत जाऊन सगळं ओकल्या. मग अन्नाला शिवल्या नाहीत. मी ताट वाढायची, ते तसंच उचलायची. तुम्हाला कधी सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. आता त्या नाहीत म्हणून बोलले."

मी फोन ठेवला आणि परसात जाऊन नवऱ्याच्या शेजारी मातीत बसले. त्यानं हातातली झारी बाजूला ठेवली. मी पुष्कळ रडले, आणि त्यात नुसतं दुःख नव्हतं. तीस वर्षं उगाच रुसलेल्या माणसाची समजूत पटावी, तसं काहीतरी होतं.

दुसरी परीक्षा तीन आठवड्यांनी मंगळवारी सकाळी होती. या वेळी मी टिपणं नेली नाहीत. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि पेटीपासून चांगली दोन पावलं लांब उभी राहिले. पहारेकरी कोपऱ्यातून डोळ्यात तेल घालून बघत होता. नक्षी, लाकूड, गोव्याहून लिस्बनचा प्रवास, हे मी सांगितलं, पण थोडक्यात. मग म्हणाले, आता मी तुम्हाला सांगते, की अशा वस्तू बघायची एवढी भूक एखाद्या बाईला कशी लागते. आणि खिडकीपासून सुरू केलं.

माझं इंग्रजी अडखळलं. एकदा शब्दच मिळेना तेव्हा समोरच्या गृहस्थांनी सुचवला. राणीला नऊ मुलं झाली आणि नऊच्या नऊ तिच्या डोळ्यांदेखत गेली, पण तिनं लोकांना भेटी पाठवणं थांबवलं नाही, हे सांगताना सगळे पेटीवरची नजर काढून माझ्याकडे बघायला लागले. मग मी भिंत फोडल्याचं सांगितलं, आईनं अन्न सोडल्याचं सांगितलं. आणि ठरवलं नव्हतं तरी तसंच पुढे म्हणाले, "पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या आईनं मुलीला परत आणवण्यासाठी जेवण सोडलं. माझ्या आईनं मला जाता यावं म्हणून माझ्यासमोर दोनदा भात खाल्ला, आणि मी गेल्यावर जेवण सोडलं. हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं." एवढं बोलून मी थांबले. पंधराऐवजी एकोणीस मिनिटं झाली होती.

पाहुणे पांगले. बाईंनी मला बाकावर बसवलं आणि हातातल्या निकालाच्या कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. मग मान वर करून विचारलं, "आणि मग तुमची आई जेवली कधी?"

वहिनीला मी हे विचारलंच नव्हतं. फोन ठेवून रडत बसले होते. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

"लोक पहिला प्रश्न हाच विचारतील," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा. "गाइडला उत्तर माहीत हवं. विचारून या. मी सही करायची थांबते."

मी बाहेर पायऱ्यांवर गेले आणि फोन लावला. नाशिकला संध्याकाळ होती, मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मी काही प्रस्तावना केली नाही. "वहिनी, आई मग जेवली कधी?"

तिला विचार करावा लागला नाही. "तिसऱ्या दिवशी. शेजारच्या काकूंकडे तुमचा फोन आला ना, पोचलो म्हणून? आई तुमच्याशी बोलून घरी आल्या, हातपाय धुतले, आणि मला म्हणाल्या, पोचली गं ती. काय असेल ते वाढ मला. ताक-भातच होता. दोनदा घेतला."

मी आत गेले. बाई पेन उघडून तशाच बसल्या होत्या.

"माझा फोन गेल्यावर," मी म्हणाले. "मी पोचले हे कळल्यावर जेवली."

बाईंनी मान डोलावली आणि सही केली.